ॲव्हरेज किती देते?

मोटारशर्यतींच्या संग्रहालयात शिरताना मराठी माणसाला एकच पथ्य पाळायचं असतं आणि तेच पाळता येत नाही. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून अर्ध्या तासावर वेब्रिज, आणि तिथे ब्रुकलँड्स, जुना शर्यतीचा ट्रॅक आणि त्याचं संग्रहालय. आत नेपियर-रेल्टन ही शर्यतीची गाडी उभी. घासूनपुसून चकचकीत केलेल्या, बिनरंगाच्या ॲल्युमिनियमची, धूड म्हणावं अशी. पाच मिनिटं कशीबशी गप्प राहतो आणि मग तोंडातून निघतंच: "ॲव्हरेज किती देते?"

देते की. लिटरला पावणेदोन किलोमीटर. टाकी जवळजवळ 300 लिटरची. इंजिन विमानाचं, 24 लिटरचं. सिलिंडर 12, म्हणजे एकेका सिलिंडरात मारुती 800 ची अडीच इंजिनं. 1935 मध्ये जॉन कॉब या शर्यतपटूने ही गाडी इथल्या ट्रॅकवर ताशी 143.44 मैलांनी, म्हणजे सुमारे 231 किलोमीटरने फिरवली. तो विक्रम कुणी मोडला नाही. 1939 नंतर इथे शर्यतीच झाल्या नाहीत. ब्रेक आहेत, पण फक्त मागच्या चाकांना. वळणं बशीच्या काठासारखी उचललेली असल्यामुळे ब्रेक लागायचा तो शर्यत संपल्यावर. पुढे याच गाडीवर विमानं थांबवणाऱ्या पॅराशूटच्या चाचण्या झाल्या. म्हणजे ब्रेकचा विषय सुचला, पण उशिरा.

हा ट्रॅक ह्यू लॉक किंगने 1907 मध्ये स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने बांधला. इंग्लंडात तेव्हा रस्त्यावर ताशी 20 मैलांची मर्यादा होती, शर्यतींना तर मनाईच. लांबी पावणेतीन मैल, वळणाचा काठ जवळजवळ 29 फूट उंच. त्या चढावर डांबर नीट बसवता येईना म्हणून काँक्रीट ओतलं, तेही लोखंडी सळया न घालता. खालचा भराव खचला, नदीवरचा पूल बसला आणि तिथे असा उंचवटा झाला की गाड्या चारी चाकांनी हवेत जायच्या. दर हिवाळ्यात डागडुजी, दर हंगामात पुन्हा आदळआपट. हे प्रकरण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मोटारशर्यत कशी भरवतात हे ठाऊक नसल्यामुळे सगळा थाट घोड्यांच्या शर्यतीतून उचलला. गाड्या उभ्या राहायच्या ती जागा पॅडॉक. चालकांच्या अंगात जॉकीसारखे रंगीत रेशमी अंगरखे, गाड्यांना नंबर नाहीत. लांबून हे रंग कुणालाच ओळखू येईनात, तेव्हा नंबर आले. हँडिकॅप मात्र टिकला: मठ्ठ गाडी आधी सोडायची, चपळ नंतर.

ट्रॅक उघडताच एस. एफ. एजने सलग 24 तास गाडी हाकली, 1,581 मैल. गावाला झोप नाही. रात्रीच्या धावण्यावर बंदी आली ती कायमची. म्हणून 1929 मध्ये 24 तासांची शर्यत भरवली ती दोन हप्त्यांत: दिवसा 12 तास, रात्री गाड्या कुलपात, दुसऱ्या दिवशी उरलेले 12. शेजाऱ्यांपुढे वेगाचं काही चालत नाही.

इथल्या जुन्या गाड्यांना एक वास असतो. एरंडेलाचा. तापलेल्या धातूला ते घट्ट धरून राहतं, म्हणून रेसिंगवाल्यांचं लाडकं. कॅस्ट्रॉल हे नावच 'कॅस्टर'वरून. पण ते खनिज तेलात मिसळत नाही आणि इंजिनात तसंच राहिलं तर डिंकासारखं चिकटतं. त्यामुळे शर्यत संपली की काढून टाकायचं. आपल्याकडे एरंडेल पोटात घेतल्यावर जी घाई असते, तीच इथे. हे सगळं सांगतात संग्रहालयाचे स्वयंसेवक. त्यांना वाल्व्हबद्दल साधा प्रश्न विचारावा आणि एरंडाचं गुऱ्हाळ चालू व्हावं. गंमत म्हणजे कंटाळा येत नाही, फक्त पाय भरून येतात.

भरल्या पायांनी शेवटी टेस्ट हिल चढायची. 1909 सालची, 352 फूट लांब. सुरुवातीला आठास एक, मग पाचास एक, शेवटी चारास एक असा चढ. गाड्यांचा दम आणि ब्रेक तपासायला बांधलेली. चढताना पहिला गिअर पुरतो. उतरताना कळतं की आपल्यालाही पुढचे ब्रेक दिलेले नाहीत, सगळा भार गुडघ्यांवर.