'लिटरली'ला उगाच बदनाम करू नका

एक मजकूर वरचेवर फिरत येतो. 'लिटरली' म्हणजे 'शब्दशः', पण मोबाइलवरच्या पोरांनी तो शब्द बिघडवला; 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशानेही हात टेकले; आणि आता त्याचा अर्थ पार उलटा, म्हणजे 'शब्दशः नव्हे' असा झाला आहे. तीन दावे, तिन्हींत गडबड.

आधी पोरांचं बघू. नुसता जोर द्यायला 'लिटरली' म्हणायच्या या सैल वापराचं ऑक्सफर्डच्या कोशातलं उदाहरण 1769 सालचं आहे, फ्रान्सिस ब्रुक या लेखिकेच्या कादंबरीतलं. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला टॉम सॉयर आला 1876 मध्ये. कुंपण रंगवायचं काम इतर पोरांच्या गळ्यात मारून टॉम दुपारपर्यंत 'लिटरली' संपत्तीत लोळायला लागतो. संपत्ती काय, तर बारा गोट्या, कुठलंच कुलूप न उघडणारी किल्ली, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू आणि कुत्र्याचा पट्टा (कुत्रा नाहीच). त्या वाक्यातून 'लिटरली' काढून बघा, निम्मी गंमत जाते.

2013 चं काय? ऑक्सफर्डने हा अर्थ 2011 च्या सुधारणेतच नोंदवला होता, तोही 'अनौपचारिक' असा शेरा मारून. दोन वर्षांनी कुणाच्या तरी नजरेस पडला आणि बातम्या झाल्या. अमेरिकेतल्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात तर तो 1909 पासून आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने आपल्या चुकांच्या यादीत हा वापर घालून झोडपला. म्हणजे तक्रारही शंभरी उलटलेली. आणि कोश परवाने वाटत नाही, लोक काय बोलतात ते टिपून ठेवतो.

खरा घोळ तिसऱ्या दाव्यात आहे. 'हसून हसून लिटरली मेलो' म्हणणारा 'मी लाक्षणिक अर्थाने मेलो' असं कळवत नसतो. लक्षणा 'मेलो'मध्ये आहे. 'लिटरली' फक्त जोर देतो. इंग्रजीतला 'व्हेरी' मुळात 'खरा' या अर्थाचा, तोही असाच झिजून 'फार' झाला. त्याच्यावर कुणी मजकूर फिरवत नाही.

आणि आपण तरी काय करतो? 'लिटरली'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'अक्षर' आहे. आपला 'अक्षरशः' त्याचा जुळा भाऊच. 'पोरांनी घर अक्षरशः डोक्यावर घेतलं' हे वाचून कुणी छप्पर जागेवर आहे का बघायला जात नाही. 'लग्नात पैसा अक्षरशः पाण्यासारखा ओतला' यात भाषेचा ऱ्हास कुणाला दिसत नाही. इंग्रजी शब्दाच्या शुद्धतेसाठी आपलेच लोक एवढे हळवे का होतात, हे मला कोडं आहे.

दर वाक्यात 'लिटरली' ऐकून कान किटतात, हे कबूल. पण ती नावड झाली, चूक नव्हे. चूक होते ती दोन्ही अर्थ लागू शकतात तिथे. डॉक्टरांना फोनवर 'त्यांचा श्वास लिटरली थांबला' असं सांगू नये. किती सेकंद थांबला ते सांगावं.