रेघ पेन्सिलीची असते तेव्हा

१६ ऑगस्ट २०२४च्या संध्याकाळी जर्मनीत, बव्हेरिया राज्यातल्या ग्राफेनराइनफेल्डच्या अणुवीज केंद्राचे दोन शीतमनोरे सुरुंग लावून पाडले. केंद्र २०१५मध्येच बंद झालं होतं. आम्ही शेताच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो होतो, पण स्फोट काही वेळेवर होईना. मग कळलं, अणुऊर्जा हवी म्हणणारा एक जण विजेच्या टॉवरवर चढून बसलाय. त्याला खाली उतरवण्यात बराच वेळ गेला आणि मग १४३ मीटरचे ते मनोरे काही सेकंदांत खाली बसले. एकाला वीज केंद्र जाऊ नये असं वाटत होतं, त्यासाठी तो ज्या टॉवरवर चढला तसले टॉवर नकोत म्हणून याच बव्हेरियात वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. मला गंमत वाटली ती याची.

मी राहतो तो श्वाइनफुर्टचा भाग बेअरिंगच्या कारखान्यांचा. माझी नोकरीही त्यातल्याच एकात. अणुभट्ट्या बंद झाल्यावर कारखान्यांना वीज आणायची कुठून, याचं उत्तर म्हणजे उत्तर समुद्राकडची पवनऊर्जा. ती दक्षिणेत आणायला झ्यूडलिंक ही सुमारे ७०० किलोमीटरची वाहिनी. तिचं एक टोक इथेच, बेर्गराइनफेल्डला उतरतं. मुळात ती टॉवरवरून येणार होती. लोक भडकले, तेव्हाचे बव्हेरियाचे मुख्यमंत्री होर्स्ट झीहोफर यांनीही विरोधाचा झेंडा धरला आणि २०१५च्या अखेरीस कायदाच बदलला: अशा वाहिन्या शक्यतो जमिनीखालून. २०२२मध्ये पुरी व्हायची वाहिनी आता २०२८वर गेली आहे. खर्च दहा अब्ज युरोंच्या घरात.

हे मी गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितलं की दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा, लोकांना विचारत बसलं की असं होतं. दुसरा म्हणतो, बघा, तिकडे शेतकऱ्यासाठी केबल जमिनीखाली घालतात. माझ्या मते दोघांचंही चुकतं, आणि ते का चुकतं हे मला अण्णांच्या द्राक्षबागेमुळे कळलं.

अण्णा म्हणजे माझे चुलते, तासगाव तालुक्यातले. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या रानात विजेचा टॉवर आला. सर्वेवाले दुर्बीण लावून गेले, काही महिन्यांनी पोकलेन आलं, बागेच्या दोन ओळी आणि मांडवाचे खांब निघाले. हरकत घ्यायची मुदत म्हणे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दिली होती. कुठल्या, ते अजून कुणाला सापडलेलं नाही. अण्णा प्रांतांकडे गेले, तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला, दीड वर्षानं मोबदला मिळाला. मी सुट्टीला गेलो तेव्हा म्हणाले, "पैशाचं काय नाय रं. वरचा माळ मोकळा पडलाय. इचारलं असतं तर मीच दाखवलं असतं, हिकडनं न्या म्हणून."

विचारण्याची सक्ती कुणावर होती? २००३च्या वीज कायद्याच्या कलम १६४नं पारेषण कंपनीला तार खात्याचे अधिकार देता येतात, आणि ते अधिकार आले १८८५च्या तार कायद्यातून. जमीन तुमच्याच नावावर राहते, फक्त तिच्यात टॉवर उभा करायचा आणि वरून तारा न्यायचा हक्क दुसऱ्याचा. अडवलंत तर जिल्हाधिकारी परवानगी देतात. तक्रार उरते ती रकमेची, तिच्यासाठी जिल्हा न्यायालय. तारायंत्राच्या बारीक खांबांसाठी इंग्रजांनी केलेली सोय ४०० केव्हीच्या टॉवरला लावायची, म्हणजे सदऱ्याच्या मापानं तंबू शिवायचा. मोठ्या औष्णिक केंद्राला जनसुनावणी लागते. वाहिनीला तीही नाही.

आपल्याकडची सगळी चर्चा म्हणून मोबदल्यावर येऊन थांबते. त्यात सुधारणा झाली हे मान्य. केंद्राच्या जून २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. २०१५मध्ये हेच आकडे ८५ आणि १५ होते. इथे जर्मनीत केबल जमिनीखालून गेली तर शेतकऱ्याला किमतीच्या ३५ टक्क्यांच्या आसपास मिळतात. किंमत कोण आणि कशी ठरवतो हा मोठाच प्रश्न आहे, पण निदान कागदावर आपण कंजूष नाही. तरी अण्णा चिडलेले आहेत आणि इथला शेतकरी, चिडलेला असला तरी, वेगळ्या कारणासाठी.

फरक मी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या एका बैठकीत पाहिला. टेबलांवर नकाशे पसरलेले आणि त्यांच्यावर एक रेघ नव्हे, जाळं: शेकडो मीटर रुंदीचे पट्टे, एकाला दुसरा पर्याय. एक म्हातारे शेतकरी आजोबांच्या काळचा कागद घेऊन आले होते. शेताखालून पाणी काढून देणारे मातीचे पाइप कुठून जातात, त्याची हाती काढलेली आकृती. ते कंपनीच्या नकाशात नव्हते. इंजिनिअरनं फोटो काढला, टिपून घेतलं. मार्ग हलला की नाही, मला माहीत नाही. पण रेघ पेन्सिलीची असताना तो कागद टेबलावर पोचला. अण्णांच्या विहिरीचा झरा कुठल्या अंगानं येतो, हेही कुणाच्या नकाशात नसणार.

त्या हॉलमधल्या लोकशाहीचं फार कौतुक करायला मात्र मी तयार नाही. वाहिनी हवी की नको, हा प्रश्न तिथे नव्हताच. ती गरज संसदेनं कायदा करून आधीच ठरवली होती. लोकांना विचारलं ते फक्त कुठून. बोलणारेही बहुतेक निवृत्त, वकिली पत्र लिहिता येणारे, जर्मन अस्खलित असणारे. मी अकरा वर्षं इथे राहून एकदाही हात वर केला नाही. आणि केबल जमिनीखाली घालण्याचा निर्णय त्या टेबलांवर झालाच नाही, तो पक्षाध्यक्षांच्या वाटाघाटीत झाला. खर्च फुगला तो मुख्यतः त्यामुळे, म्हाताऱ्याच्या पाइपांमुळे नाही. आता २०२५च्या सरकारनं पुढच्या वाहिन्या शक्य तिथे पुन्हा टॉवरवरून न्यायचं ठरवलं आहे. तासगावात केबल जमिनीखाली घाला म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आपल्यासाठी अवघड प्रश्न निराळाच आहे, आणि तो अण्णांच्याच वाक्यात आहे. "माळ मोकळा पडलाय." खरंच मोकळा? दसऱ्यानंतर त्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात, मेंढरं चरतात. त्यांचं नाव त्या सातबाऱ्यावर नाही, आणि सर्वेवाले उन्हाळ्यात आले तर ते दिसणारही नाहीत. नॉर्वेत फोसेन इथे हेच झालं. ओसाड दिसणाऱ्या डोंगरावर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ११ ऑक्टोबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सामी या तिथल्या आदिवासी लोकांच्या रेनडिअरचं हिवाळी कुरण आहे, परवाने अवैध. चक्क्या मात्र फिरतच राहिल्या. तडजोड व्हायला २०२४ उजाडलं.

आणि आपल्याला हे नवं नाही. १९२१मध्ये मुळशीला मावळे सत्याग्रहाला बसले तेही विजेपायीच: मुंबईसाठी टाटांचं धरण. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी तिथलीच. त्या लढ्यात फूट पडली ती कशावरून? पुण्यातल्या सावकार-जमीनदारांना मोबदला वाढवून हवा होता, कसणाऱ्या कुळांना जमीन. नावावर जमीन होती त्यांना भाव मिळाला. म्हणून गावाला विचारा असं म्हणताना गाव म्हणजे कोण, हे शंभर वर्षांनीही आधी विचारावं लागतं.

त्या दृष्टीनं मला शेतीला सौरवीज पुरवणाऱ्या, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली एक छोटी तरतूद जास्त आवडते: प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. नंतर का बंद, ते समजत नाही. प्रकल्प तर पंचवीस वर्षं राहणार. ब्रिटननं २०२५मध्ये नव्या टॉवरपासून ५०० मीटरच्या आतल्या घरांना वर्षाला २५० पौंडांची बिलात सूट जाहीर केली, दहा वर्षांसाठी. ती घराला आहे, घर भाड्याचं असलं तरी. पण पैशाचं झालं, तरी क्रमाचं उरतंच. दोन-तीन पर्याय असलेला नकाशा सर्वे पक्का होण्याआधी ग्रामसभेत भिंतीवर लावायला किती खर्च येईल? आणि धनगर माळावर असतील त्या महिन्यात लावायला?

मागच्या आठवड्यात अण्णांनी फोटो पाठवला. शेजाऱ्याच्या बांधावर लाल रंग दिलेली खुंटी. खाली लिहिलं होतं, "आणिक एक लाइन येतीया म्हणत्यात. तुमच्यात काय करत्यात रं अशा वक्ताला?" मी लिहिलं, ग्रामसेवकाकडे जा, नकाशा मागा, मिळाला तर फोटो टाका. दोन निळ्या टिका आल्यात. फोटो अजून नाही.