दोन हात आणि एक हनुवटी

रोमन लोकांच्या पराक्रमांत मी लढायांपेक्षा वाचनाला वरचा नंबर देईन. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताने वाटीतलं अंजीर, ही चैन तिथे नाही. पुस्तक म्हणजे पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाची, लांबलचक गुंडाळी. उजव्या हाताने उलगडायची, डाव्याने गुंडाळत जायची आणि मधे उघडे राहतील ते दोनतीन रकाने वाचायचे. नाक खाजवायला हात सोडला की गुंडाळी मिटलीच.

त्यात शब्द एकमेकांना चिकटलेले. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची ग्रीकांना सवयच नव्हती. रोमन आधी शब्दामागे टिंब द्यायचे, पण इ. स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांनीही ते सोडलं, बहुधा ग्रीकांचं पाहून. सुसंस्कृत दिसण्यासाठी माणूस काय काय सोसतो! मोडी कागदांशी झटापट केलेल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

वाचून झालं तरी सुटका नाही. आता शेवट वर आणि सुरुवात पोटात. मग टोक हनुवटीखाली दाबून सगळी गुंडाळी उलटी फिरवायची. यात पपायरस घासून खरखरीत व्हायचा. म्हणून न उघडलेल्या प्रतीची खूण मार्शल कवी सांगतो ती हीच: जिला हनुवटी लागलेली नाही.

रोमन सेनापती व्हर्जिनियस रूफसचं तर ऐकाच. सैन्याने देऊ केलेलं सम्राटपद नाकारूनही हा गृहस्थ जिवंत राहिला. वयाची 83 वर्षं उलटल्यावर उभ्याने भाषणाची तयारी करताना हातातलं जड पुस्तक निसटलं. ते गोळा करायला वाकला, गुळगुळीत फरशीवर घसरला आणि खुबा मोडला. त्यातून तो उठला नाही.

लिहिणं तुलनेने सोपं. मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने कोरायचं, चुकलं की तिच्याच चपट्या टोकाने मेण सारखं करायचं. फक्त डोळे अधू असतील तर मेणावरचं नीट दिसत नाही. अशांना वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन चर्मपत्र सुचवतो आणि लगेच कुरकुरतो, की बोरू सारखा शाईत बुडवावा लागतो आणि विचार तुटतो.

पपायरसवरची शाई मात्र काजळी आणि डिंकाची, त्यामुळे ओल्या स्पंजाने पुसली जायची. याचा फायदा सम्राट कॅलिग्युलाने घेतला. आजच्या फ्रान्समधल्या ल्योंच्या वक्तृत्वस्पर्धेत ज्यांचं लिखाण अगदीच टाकाऊ ठरलं, त्यांना ते स्पंजाने किंवा जिभेने पुसायला लावलं, असं त्याचा चरित्रकार सुएटोनियस म्हणतो. जिभेला नको असेल तर छड्या, नाहीतर जवळच्या नदीत बुचकळी. काजळीच ती, मी जीभ निवडली असती.