भूकंपाची वेळ सांगणारा संदेश आणि किल्लारीचा दाखला

हिंगोली, नांदेड, परभणी या पट्ट्यात जमीन हलली की दुपारपर्यंत गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्यातले शब्द दर वेळी थोडे बदलतात, आशय मात्र तोच असतो. आज रात्री अमुक वाजता सातच्या वर तीव्रतेचा भूकंप येणार असल्याचे नासाने कळवले आहे. जमिनीतून येणारे आवाज ही त्याचीच खूण आहे. किल्लारीच्या वेळीही शास्त्रज्ञांना आधी कळले होते, पण सरकारने ते दडपले. धरणे आणि बोअर यांमुळेच हे सारे घडते आहे. आणि ज्याला आपल्या माणसांची काळजी आहे त्याने पुरावा मागत न बसता हा संदेश पुढे पाठवावा. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा हा मजकूर मला एकाच दिवशी चार-पाच नात्यांतून आला. तो सगळाच खोटा असता तर उत्तर देण्याची गरज पडली नसती. त्यात खऱ्या गोष्टींचे काही दाणे आहेत आणि त्यांच्याच आधाराने बाकीचे खपते, म्हणून एकेक दावा वेगळा काढून पाहतो.

पहिला दावा नासाचा. नासा ही अवकाश संशोधन संस्था आहे. भूकंपाची वेळ जाहीर करणे हे तिचे काम नाही. अमेरिकेत भूकंपांची नोंद ठेवणारी संस्था म्हणजे तिथले भूगर्भ सर्वेक्षण, आणि मोठ्या भूकंपाचे भाकीत आपण किंवा अन्य कोणत्याही शास्त्रज्ञांनी आजवर केलेले नाही, असे ती स्वतःच सांगते. यावर चीनमधल्या हायचेंगचे उदाहरण हमखास पुढे केले जाते आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ४ फेब्रुवारी १९७५ च्या त्या भूकंपाआधी लहान धक्क्यांची रांग लागली होती, लोकांना घराबाहेर काढले गेले आणि पुष्कळ जीव वाचले, हे खरे आहे. पण पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, त्याच देशात तांगशान शहर असा कोणताही इशारा न मिळता जमीनदोस्त झाले आणि अधिकृत आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसे गेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्ड गावी साधारण बावीस वर्षांच्या अंतराने भूकंप होत आले होते, म्हणून पुढचा १९९३ च्या आत होईल असा अंदाज बांधून तिथे उपकरणांचे दाट जाळे उभारले गेले. तो भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी, आणि इतकी उपकरणे असूनही त्याची आधी कसलीही स्पष्ट चाहूल लागली नाही. जिथे वर्षही साधले नाही, तिथे रात्रीचे बारा वाजणे कोणाला कसे कळणार?

या दाव्याचा आणखी एक दोष मला भाकीत चुकण्यापेक्षाही गंभीर वाटतो. सांगितलेली वेळ टळून गेली की संदेश पाठवणारा ‘चुकलो’ म्हणत नाही. संकट टळले म्हणतो किंवा तारीख पुढे ढकलतो. काहीही घडले तरी जो दावा खरा ठरतो, त्याला तपासण्याची वाटच उरत नाही. म्हणून गटात वाद घालण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो : उद्या सकाळपर्यंत काही झाले नाही, तर हा संदेश खोटा होता असे तुम्ही याच गटात लिहाल का? हा प्रश्न मी कोणाला पकडण्यासाठी विचारत नाही. ज्याची ‘हो’ म्हणायची तयारी आहे, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ असतो.

दुसरा दावा आवाजांचा. वसमत तालुक्यातले पांगरा शिंदे आणि आसपासची गावे जमिनीतल्या गूढ आवाजांसाठी वर्षानुवर्षे बातम्यांत आहेत. हे आवाज खरे आहेत. ते ऐकणाऱ्यांना भ्रम झाला असे म्हणणारा माणूस तिथे एकदाही राहिलेला नसावा. भूकंप उथळ असला की त्याच्या पहिल्या लहरी जमिनीतून हवेत उतरतात आणि दूर सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, मग धक्का जाणवो वा न जाणवो. मात्र आवाज आला म्हणजे मोठा भूकंप येणारच, हे त्यातून निघत नाही. नांदेड शहरात २००६ पासून पुढे कितीतरी महिने असे आवाज आणि सौम्य धक्के येत राहिले, आणि मोठा भूकंप काही झाला नाही. किल्लारीला असेच धक्के आधी येऊन गेले आणि मोठा भूकंप झाला. एकाच खुणेनंतर दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी घडत असतील, तर त्या खुणेवरून उद्याचे सांगता येत नाही. तीव्रतेच्या आकड्यांनीही फसगत होते : हिंगोलीचा ४.५ आणि किल्लारीचा ६.२ हे आकडे जवळचे दिसतात, पण दुसऱ्यात पहिल्याच्या सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा असते.

तिसरा दावा किल्लारीचा, आणि इथे मला थांबून लिहिले पाहिजे, कारण माझे आजोळ औसा तालुक्यातले आहे आणि आमच्याकडे ही तारीख घरातल्या तारखेसारखीच सांगितली जाते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली.

आधी धक्के बसले होते, हे अगदी खरे. १९९२ च्या ऑक्टोबरच्या सुमारास किल्लारी परिसर वारंवार हादरत होता आणि लोक घाबरले होते. पण ‘धक्क्यांची माहिती होती’ आणि ‘मोठा भूकंप येणार हे माहीत होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि संदेश पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरे गळी उतरवतो. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनच्या जुन्या, घट्ट पठारावर असा भूकंप होईल हे जगभरच्या अभ्यासकांनाही अपेक्षित नव्हते, आणि तो झाल्यावर २००२ मध्ये नकाशा बदलून हा परिसर तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. ज्यांनी आधीच जाणून लपवले, त्यांना नकाशा नंतर बदलावा लागला नसता.

याचा अर्थ शासनाला प्रश्न विचारू नयेत असा नाही. वर्षभर हादरणाऱ्या गावांत भिंतींची पाहणी का झाली नाही, हा प्रश्न आजही रास्त आहे. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ मध्ये लहान धक्क्यांची मालिका चालू असताना काळजीचे कारण नाही असा दिलासा लोकांना दिला गेला आणि ६ एप्रिलच्या भूकंपात तीनशेहून अधिक लोक मेले. सात जणांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, एका अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली तरी कायम राहिली. ‘घाबरू नका, काही होणार नाही’ असे पुराव्याविना सांगणारा आणि ‘आज रात्री येणार’ असे पुराव्याविना सांगणारा, हे दोघेही माझ्या लेखी एकाच मापाचे आहेत. पण हलगर्जीपणाचा आरोप हलगर्जीपणाच्याच पुराव्याने सिद्ध करावा. त्याला कटाचे रूप दिले की खरा प्रश्नही हास्यास्पद ठरतो आणि ज्यांनी उत्तर द्यायचे तेच सुटतात.

चौथा दावा धरणांचा. यावर ‘धरणाने भूकंप होतच नाही, अडाणी आहात’ असे उत्तर गटातली शिकलेली मंडळी देतात, तेही चूक आहे. डिसेंबर १९६७ मधला कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप जलाशयाशी जोडलेला आहे, हे देशोदेशीच्या अभ्यासकांनी मान्य केले आहे. तिथले धक्के आणि पाण्याची पातळी यांचे नाते अनेक दशके नोंदले गेले आहे. किल्लारीजवळ माकणीला निम्न तेरणा प्रकल्प आहे आणि ही शंका तिथेही काही संशोधकांनी गंभीरपणे तपासली. पण ते पाणी कोयनेच्या तुलनेत फारच उथळ, आणि कोयनेसारखी वर्षानुवर्षे चालणारी धक्क्यांची मालिका तिथे मागे राहिली नाही, म्हणून तेरणेवर ठपका ठेवण्याइतका पुरावा जमलेला नाही. बोअरचे म्हणाल, तर आपल्याकडचे खोल बोअरही पाचशे ते आठशे फुटांचे असतात आणि भूकंप उगम पावतो काही किलोमीटर खाली. पाण्याच्या उपशाचा भूकंपाशी काहीच संबंध नसतो असेही मी म्हणणार नाही, कारण स्पेनमधल्या लोर्काच्या २०११ च्या भूकंपाचा तसा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. तो त्यांनी अनेक वर्षांच्या मोजमापांवरून दाखवला. हिंगोलीबाबत तसे मोजमाप कोणी पुढे ठेवले तर मी माझे मत बदलेन.

शेवटचा दावा सर्वांत जास्त चालतो : खबरदारी घेतली तर बिघडले कुठे, आणि पुरावा मागणारा सरकारचा माणूस. जुलैमध्ये वसमतहून मावशीचा फोन आला. “बापू, बारा वाजता येनार म्हनतेत. लेकरं घेऊन अंगणात बसलोत.” पाऊस भुरभुरत होता, मांडीवर सहा महिन्यांची नात होती, आणि अशा ओल्या रात्री अंगणात विंचूकाट्याची भीती वेगळी. बिघडते ते इथे. तीन-चार रात्री अशा जागून काढल्या की माणूस कंटाळून म्हणतो, सगळेच खोटे. मग जिल्हा प्रशासनाची खरी सूचनाही तो वाचत नाही. मी गटात संदेशाचा आधार विचारला, तेव्हा मी कोणत्या पक्षाचा, असा प्रतिप्रश्न आला. त्यानंतरची पस्तीस उत्तरे पक्षावर होती. भूकंपावर एकही नव्हते. दुसऱ्या पक्षाच्या माणसानेही कोयनेचे बरोबर सांगितले असेल तर ते बरोबरच असते, आणि आपल्या बाजूच्याने नासाचे नाव खोटे घेतले असेल तर ते आपणच आधी सांगायला हवे. धक्का किती तीव्रतेचा होता हे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ‘भूकंप’ (BhooKamp) ॲपवर कोणालाही पाहता येते.

किल्लारीत माणसे घरांखाली गेली. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, मातीत रचलेले दगड, आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारा आडवा दगड नाही, आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, ज्यावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढत गेलेला. आजोळच्या वाड्याचे माळवद असेच हातभर जाड झाले होते.

मावशीचे घर पत्र्याचे आहे आणि वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर मोठाले दगड ठेवलेले होते. २०२४ च्या मार्चमध्ये धक्क्यानंतर प्रशासनाने काढलेल्या सूचनेत असेच दगड उतरवून घेण्यास सांगितले होते, पण बारा वाजताच्या संदेशांच्या गर्दीत ती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्या रविवारी मी गेलो. शेजारची दोन पोरे वर चढली, सतरा दगड खाली आले, गोठ्याच्या कडेला रचले, आणि पत्र्यांना हूक मारून घेतले. सगळ्याला दीड तास लागला.