गोळी चुकली, हे रुग्णाला सांगता आले पाहिजे

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराच्या रुग्णाने औषधे सोडली की ‘तो ऐकतच नाही’ असा शिक्का घरचे लगेच मारतात, आणि कधीकधी डॉक्टरही त्याला दुजोरा देतात. अमेरिकेतील ‘केटी’ या २००५ सालच्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या ७४ टक्के रुग्णांचे सुरुवातीला दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत बंद झाले होते. एवढे सगळे हट्टी होते, असे मानायला मी तरी तयार नाही.

काहींना आपण आजारी आहोत हेच पटत नाही. ते आजाराचेच लक्षण असल्यामुळे वाद घालून उपयोग होत नाही. पण अनेकांची तक्रार खरोखर औषधाबद्दल असते. ओलान्झापिन या औषधाने वजन भराभर वाढते. काही औषधांमुळे ‘अकॅथिझिया’ होतो, म्हणजे पाय स्वस्थ राहत नाहीत. माणूस बसतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, घरच्यांना वाटते आजार बळावला, मग डोस वाढतो आणि तगमगही. पाळी थांबणे किंवा लैंगिक इच्छा ओसरणे, हे तर आईवडिलांच्या देखत कोण बोलणार? म्हणून तपासणीत थोडा वेळ तरी रुग्णाशी एकट्याने बोलले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

जेवणात गुपचूप गोळी मिसळणाऱ्यांची अगतिकता मला कळते. तरीही, आधीच संशयाने पछाडलेल्या माणसाला ते एकदा कळले की त्याचा अन्नावरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, कमी त्रासाचे पर्यायी औषध, किंवा महिन्याने अथवा तीन महिन्यांनी घ्यायचे दीर्घ परिणामाचे इंजेक्शन, यांविषयी त्याच्याशी उघड बोलावे. हे इंजेक्शन शिक्षा म्हणून पुढे केले, तर मात्र तो ते नाकारणारच.

गोळी चुकली म्हणून रुग्णावर रागावण्याचा सर्वांत मोठा धोका क्लोझापिन या औषधाच्या बाबतीत दिसतो. हे औषध ४८ तासांपेक्षा अधिक काळ चुकले, तर पूर्वीचा पूर्ण डोस एकदम देता येत नाही. रक्तदाब कोसळू शकतो, झटकेही येऊ शकतात, त्यामुळे अगदी कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. बोलणी खावी लागतील या भीतीने ज्याने चार दिवसांचा खंड लपवला, त्याच्या हातावर आई पाचव्या दिवशी नेहमीचाच डोस ठेवते.