मे महिन्यात जर्किन

मे महिना. पहाटे साडेपाचलाच अंगाला घाम. आमच्या तालुक्याच्या बायपासवर भरतीची पोरं-पोरी पळत असतात. पोरं बनियनवर, काही तर उघडीच. पोरींच्या अंगात मात्र टी-शर्ट, त्यावर आणखी एक टी-शर्ट, काहीजणींच्या वर गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जर्किन. बघणाऱ्याला वाटतं वजन उतरवायला घातलंय. तसं काही नाही. छाती हलताना दिसू नये म्हणून घालतात. ग्राउंडवर सगळ्यांना हे माहीत आहे आणि कुणीही ते तोंडाने बोलत नाही.

आपल्या पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. धावण्यात सेकंदावर गुण जातात. जिचं निम्मं लक्ष पुढच्या वळणावर बुलेट लावून बसलेल्या टोळक्याकडे आहे आणि जी खांदे आत ओढून, पोक काढून पळतेय, तिने ते सेकंद कुठून आणायचे? सर लांबून ओरडतात, "छाती काढून पळ गं!" सरांचं काही चूक नाही, पळण्याचं तंत्र तेच आहे. पण सातवीपासून घरात, शाळेत, एसटीत तिला उलटंच शिकवलंय. ओढणी नीट घे. वाकू नकोस. पट्टी दिसतेय, आत घाल. इतक्या वर्षांचं ते वळण एका शिट्टीवर कसं मोडेल?

माझी भाची याच तयारीत होती. मी तिला सरळ विचारलं, "पळताना आत काय घालतेस?" तर म्हणे, "मावशी, हळू बोल की!" घरात आम्ही दोघीच. एकावर एक दोन ब्रा, आणि त्यावरून जुनी ओढणी आवळून बांधलेली. दुसऱ्या फेरीला श्वास पुरेना, तर तिला वाटायचं आपला दमच कमी. भाऊजींनी हौसेने महागाचे बूट आणले होते, अकॅडमीची फी भरली होती, रोजची अंडी चालू होती. पोरीच्या छातीला आधार लागतो हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आलं असेल तर ताईच्या, पण ती तरी कुणापुढे बोलणार?

विज्ञान साधं आहे. स्तनात स्वतःचे असे स्नायू नसतात. वरची त्वचा आणि आतले तंतू, एवढ्यावर ते वजन पेललेलं असतं. पळताना ते वर-खालीही होतं आणि आजूबाजूलाही. दुखतं. आवळून बांधलं तर बरगड्या फुलत नाहीत आणि श्वास तोकडा पडतो. म्हणून हलणं रोखेल पण श्वास अडवणार नाही असं कापड लागतं. यात चावट काय आहे?

तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद पहिल्या दिवशी त्याला लंगोट बांधायला शिकवतो. का बांधायचा हेही सांगतो. कुणी खिदळत नाही. धुतलेले लंगोट तालमीच्या दारात, भर रस्त्यावर वाळत असतात. आणि आमच्याकडे ब्रा अजून परकराखाली लपवून वाळत घालायची, मग पावसाळ्यात ती ओलसरच राहिली आणि अंगाला खाज सुटली तरी चालेल!

स्पोर्ट्स ब्राची गोष्ट तर या लंगोटाच्याच वळणाची आहे. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी ती बनवली. पळताना होणाऱ्या त्रासाला लिंडाल वैतागली होती. काही केल्या जमेना, तेव्हा पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे तिकडचे लंगोटच, जोडून पहिला नमुना शिवला. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता, हे आपलं उगीच सांगून ठेवते.

'तिकडे सगळं मोकळं असतं' असं ज्यांना वाटतं त्यांनी नॉर्वेच्या मुली आठवाव्यात. जुलै २०२१, बल्गेरियातलं वार्ना, युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धा. नियम असा की बायकांनी बिकिनीच घालायची आणि खालच्या चड्डीची बाजूची पट्टी जास्तीत जास्त १० सेंटीमीटर. पुरुषांना मात्र चांगल्या मांडीभर शॉर्ट्स. नॉर्वेच्या संघाने कांस्यपदकाच्या सामन्यात शॉर्ट्स घातल्या, म्हणून १५०० युरो दंड! बोंबाबोंब झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेनेही २०११ मध्ये बायकांना स्कर्टची सक्ती करायचा घाट घातला होता, कारण काय, तर खेळ आकर्षक दिसावा. तोही गुंडाळावा लागला.

तर तिथे पट्टी घेऊन चड्डी मोजणारे साहेब आणि इथे 'जर्किन घाल' म्हणणारे काका. मला दोघांत फार फरक दिसत नाही. पोरगी खेळायला आलीय आणि हे दोघेही ती कशी दिसते यावर अडलेत.

सरकारही यातून सुटलेलं नाही. राजस्थानात वनरक्षक भरतीत मुलींच्या छातीचं माप घ्यायचे. धावण्यात पास झालेल्या तीन मुली त्या मापात बाद झाल्या आणि कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही अट मनमानी आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी आहे असं सुनावलं. छातीच्या मापावरून ना ताकद कळते, ना फुप्फुसाचा दम. आपल्याकडे पोलीस शिपाई भरतीत ७९ सेंटीमीटरची अट पुरुषांनाच आहे, तेवढं बरं.

हल्ली रीलवर येता-जाता कुणीतरी सांगतं, स्वतःच्या शरीरावर प्रेम करा, तुम्ही आहात तशा सुंदर आहात. सांगोत बापडे. पण मला त्याचा कंटाळा येतो, कारण तिथेही गाडी 'दिसण्या'वरच अडते. ८०० मीटरची वेळ कमी करून आलेली पोरगी आरशात किती सुंदर दिसते याचा हिशेब करत नसते. तिला आपल्या पायांचा, फुप्फुसाचा अभिमान असतो. तो अभिमान मिळायच्या आत छातीच्या लाजेपायी किती पोरी ग्राउंड सोडत असतील? घरी सांगताना कारण देतात, "पाय दुखतो."

आता अकॅडमीवाल्या सरांना एक सांगणं. पावती फाडताना तुम्ही मुलींच्या हातात एक यादी देता. बूट, ट्रॅक पँट, दोन टी-शर्ट, नॅपकिन, पाण्याची बाटली. त्या यादीत 'स्पोर्ट्स ब्रा, दोन नग' एवढं वाढवा. बुटांइतकंच ठळक लिहा, म्हणजे बापालाही ते सामानच वाटेल. तुम्हाला सांगायला अवघड वाटत असेल तर बाईंकडून सांगा. अकॅडमीत एकही बाई नसेल तर आधी एक बाई ठेवा. आणि त्या वळणावरच्या बुलेटवाल्यांचं काय करायचं ते तुम्हाला चांगलं जमतं, तुमची निम्मी पोरं पुढच्या वर्षी वर्दीतच असणार आहेत.