'सेसना विमानतिकिटापेक्षा स्वस्त' या मेसेजबद्दल खुलासा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय की चौघांनी मिळून जुनं सेसना १७२ (चार जणांचं, एका इंजिनाचं छोटं विमान) घेतलं, तर न्यूयॉर्क-शिकागो प्रवास तिकिटापेक्षा स्वस्त पडतो. त्यातला इंधनाचा आकडा, तासाला ८-९ गॅलन, बरोबर आहे. पण हिशेब तिथेच थांबवलाय. विमान नुसतं उभं असलं तरी पार्किंगचं भाडं, विमा आणि एफएएच्या (अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) नियमानुसार दर १२ महिन्यांची तपासणी सुटत नाही. इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे ते पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, साधारण २००० तासांच्या उड्डाणानंतर येतं. त्याचे पैसे प्रत्येक तासामागे बाजूला टाकावे लागतात. शिवाय टाक्या पूर्ण भरल्या, की चार मोठी माणसं बॅगांसकट सहसा वजनात बसत नाहीत. विमानाच्या हँडबुकातला वजनाचा तक्ता उघडून बेरीज करून बघा. हौसेला मोल नसतं, जरूर उडवा! हा मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.